व्हर्नाचं फाटक

“नाव तुमचं नको, मिसेस हाव्रिला. प्रश्न तुमचाच राहू द्या. झकास प्रश्न आहे.”

जस्टिना हाव्रिलाने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. पलीकडे पक्षाच्या कचेरीतला किंबॉल होता. हा माणूस मधाळ बोलायला लागला की समोरच्याचं काहीतरी जाणार, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

“माझ्या नावाला काय झालं?”

“तुम्ही पक्षाच्या वस्तीप्रमुख. उद्या वर्तमानपत्रवाले म्हणतील, आपल्याच माणसांकडून प्रश्न विचारून घेतले. आम्हाला साधी गृहिणी हवी.”

“आणि मी कोण? महाराणी?”

किंबॉल मनापासून हसला. गुरुवारी संध्याकाळी सिनेटर डॉहर्टी अर्धा तास टीव्हीवर बसणार होते. मतदारांनी फोनवरून प्रश्न विचारायचे, त्यांनी तिथल्या तिथे उत्तरं द्यायची. चांगले प्रश्न आयत्या वेळी येतीलच असं नाही, म्हणून चार-पाच आधीच तयार ठेवायचे होते.

“तुमच्या गल्लीतली मंडळी कार्यक्रम बघायला मिसेस पोपिककडे जमणार ना? मग नाव त्यांचंच टाकू. टीव्हीतून घरमालकिणीचं नाव आलं की खोलीत काय होईल, बघाच! फक्त त्यांना आधी सांगू नका. आश्चर्य खरं दिसलं पाहिजे.”

व्हर्ना पोपिक! पॉपलर स्ट्रीटवर राहायला येऊन तिला पुरती पाच वर्षंही झाली नव्हती. गल्लीत कोणाची पेन्शन अडली, कोणाचा पोरगा पोलिसांनी धरला, कोणाच्या म्हातारीला मतदानाला हात धरून न्यायचं, हे सगळं जस्टिनाने पाहिलं होतं, आणि कोणी आपल्यासाठी काय केलं, आपण कोणासाठी काय केलं, याचा जमाखर्च तिला तोंडपाठ होता. त्या जमाखर्चात व्हर्नाच्या नावावर जमा म्हणावी अशी एकच गोष्ट होती : तिच्या नवऱ्याने घेतलेला मोठ्या पडद्याचा टीव्ही.

पूर्वी दर निवडणुकीला डॉहर्टी जस्टिनाच्या स्वयंपाकघरात यायचे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तिच्या हातचा अक्रोडाचा रोल खायचे आणि दाटीवाटीने उभ्या असलेल्या शेजाऱ्यांशी हात मिळवायचे. प्रत्येक वेळी ती रेल्वे फाटकाचं काढायची. गल्लीच्या टोकाला रूळ उघडेच होते. पोरं त्यावरूनच शाळेत जात, आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच रेल्वेच्या धडकेने बेकरीची गाडी उडून ड्रायव्हरचा पाय गेला होता. “करूच,” डॉहर्टी तोंडातला घास गिळत म्हणायचे. तो शब्द स्वयंपाकघरातल्या भिंतींपलीकडे कधी गेला नाही.

टीव्हीवर मात्र तोच शब्द सगळं खोरं ऐकणार होतं.

“टाका तिचं नाव,” जस्टिना म्हणाली आणि तिने फोन जरा जोरातच ठेवला.

गुरुवारी पोपिकांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्हीवर लेसचा रुमाल, त्यावर चिनी मातीचा काळा बिबट्या, आणि बिबट्याच्या पाठीमागे दिवा. जस्टिनाला तो बिबट्या पहिल्या दिवसापासून आवडत नव्हता. तिने आणलेला रोल व्हर्नाने कौतुकाने हातात घेतला आणि कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर ठेवून दिला. टीव्हीसमोरच्या टेबलावर बटाट्याचे वेफर्स होते. पडद्यावरची नजर न काढता खाता येतील असे.

“दिवे घालव गं व्हर्ना,” म्हातारा यानोच्को म्हणाला. “सिनेटरसाहेब आले.”

आणि म्हाताऱ्याने चक्क टोपी काढली. जस्टिनाच्या स्वयंपाकघरात साक्षात डॉहर्टी समोर बसले असतानाही ती कधी त्याच्या डोक्यावरून हलली नव्हती.

पडद्यावरचे डॉहर्टी वेगळेच दिसत होते. तिच्याकडे ते घामेजलेले असायचे, टाय सैल करायचे, घड्याळाकडे चोरून पाहायचे. इथे कपाळ कोरडं, चेहरा नितळ, आणि नजर थेट समोर.

“माझ्याकडेच बघतोय बघा,” यानोच्को पुटपुटला.

“आजोबा, तो सगळ्यांकडेच बघतोय,” कोणीतरी म्हणालं.

इतक्या वर्षांत या माणसाने जस्टिनाकडे असं एकदाही पाहिलं नव्हतं. एवढी नजर त्याच्यापाशी होती तर! आणि ती त्याने एका काचेसाठी राखून ठेवली होती.

तेवढ्यात निवेदकाने हातातला कागद वाचला. “पॉपलर स्ट्रीटवरून मिसेस व्हर्ना पोपिक विचारतात, आमच्या मुलांनी उघड्या रुळांवरून आणखी किती दिवस शाळेत जायचं?”

खोलीत एकदम गलका झाला.

“व्हर्ना! अगं तुझं नाव!”

“कधी केलास फोन? आणि बोलली नाहीस ती!”

व्हर्नाचा हात गळ्यापाशी गेला होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं, बिबट्याकडे पाहिलं, मग सगळ्या कौतुकाने भरलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

“हो… म्हणजे… केला होता,” ती म्हणाली.

पडद्यावर डॉहर्टी सांगत होते, “मिसेस पोपिक, तुम्हाला शब्द देतो. पुढच्या वर्षी तिथे फाटक असेल.” टाळ्या वाजल्या. यानोच्कोने तर डोळे पुसले.

जस्टिनाचा नवरा अँडी मागे दाराला टेकून उभा होता. “आमची जस्टिना किती वर्षं हेच सांगतेय,” तो म्हणाला.

“सांगत होती रे,” व्हर्नाचा नवरा म्हणाला. “टीव्हीवर विचारलं कोणी?”

सगळे हसले. वाईट मनाने कोणीच हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं. जस्टिनाच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. छोटं, खरं, आणि एका दमात व्हर्नाला बिबट्यासकट खाली आणणारं. त्याच दमात फाटकही गेलं असतं.

“छान विचारलंस, व्हर्ना,” ती म्हणाली आणि शिलाई मशीनपाशी जाऊन रोल कापू लागली.

थोड्या वेळाने व्हर्ना तिच्या मागे येऊन उभी राहिली. आवाज अगदी खाली.

“जस्टिना, तुला म्हणून सांगते. मी नाही केला गं फोन. काहीतरी चूक झालीय त्यांची. सांगून टाकू का सगळ्यांना?”

जस्टिनाची सुरी रोलमध्ये अर्ध्यावर थांबली. किती सोपं होतं! नुसती मान हलवायची होती. बाकीचं काम व्हर्नाच्या भोळेपणाने केलं असतं.

“केला असशील,” जस्टिना म्हणाली. “विसरली असशील. जा, लोक तुला बोलावतायत.”

आठवडाभरात व्हर्नाला आठवायलाही लागलं. फोन करताना ती म्हणे इस्त्री करत होती. पुढे त्यात भर पडली की पलीकडचा आवाज फार सभ्य होता. जस्टिना ऐकून घ्यायची आणि घरी जाऊन भांडी आपटायची.

“कपबशा निवडणुकीला उभ्या नाहीत,” अँडी पेपरातून डोकं न काढता म्हणायचा.

मतदानाच्या दिवशी ती नेहमीसारखी यानोच्कोला न्यायला गेली. म्हातारा सकाळीच मत देऊन आला होता. “व्हर्नाच्या गाडीतून गेलो,” तो म्हणाला. “तू कशाला तसदी घेतलीस, पोरी?”

डॉहर्टी निवडून आले. आणि शब्दाला जागले, कारण तो शब्द सगळ्या खोऱ्याने ऐकला होता. वसंतात फाटक बसलं. उद्घाटनाला कॅमेरा आला. फीत व्हर्नाने कापली, नव्या निळ्या हॅटमध्ये. जस्टिना गर्दीत होती. डॉहर्टींची नजर तिच्यावर पडली, आणि त्यांचा चेहरा क्षणभर खरोखर उजळला.

“अक्रोडाचा रोल!” ते बोट दाखवत म्हणाले. “तुमचाच ना?”

“हो, माझाच,” ती म्हणाली. पुढे नाव सांगणार, तोवर किंबॉलने त्यांना कोपराला धरून कॅमेऱ्याकडे वळवलं होतं.

उन्हाळ्यात एका दुपारी जस्टिना बाजाराच्या पिशव्या घेऊन परत येत होती. घंटा वाजली, फाटकाचा दांडा खाली आला. गाडी अजून वळणापलीकडे होती. पूर्वी अशा वेळी ती झपाझप रूळ ओलांडून जायची. आता थांबली. शेजारी नवीन राहायला आलेली एक तरुण बाई बाबागाडी धरून उभी होती.

“या फाटकाला सगळे व्हर्नाचं फाटक का म्हणतात हो?” तिने विचारलं. “कोण ही व्हर्ना?”

जस्टिनाने पिशव्या खाली ठेवल्या. बोटांवर दोऱ्यांचे लाल वळ उठले होते, ते तिने चोळले.

“आमच्याच गल्लीतली,” ती म्हणाली. “तिने टीव्हीवर विचारलं होतं.”

लांबलचक गाडी आली, धडधडत निघून गेली. फाटक वर गेलं. जस्टिनाने आधी बाबागाडी जाऊ दिली.