दुसरा ब्रेक

माझ्या आईला आमच्या भागात सगळे ब्रेकबाई म्हणतात. तिच्या तोंडावर कोणी म्हणत नाही, पण तिला माहीत आहे. तिचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक खोली, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि दारात उभी असलेली एक पांढरी गाडी. या गाडीत शिकवणाऱ्याच्या सीटपुढे एक जादा ब्रेक बसवलेला आहे. शिकणाऱ्याने घोळ घातला की आई तो दाबते आणि एक शब्दही न बोलता खिडकीबाहेर बघते. ते बघणं ब्रेकपेक्षा जास्त लागतं, असं तिचे विद्यार्थी सांगतात.

इतकी वर्षं हे काम केल्यावर तिचा उजवा पाय तिच्या ताब्यात राहिलेला नाही. बसमध्ये बसली की ती ड्रायव्हरच्या बरोबरीने ब्रेक दाबते. टीव्हीवर कोणी भरधाव गाडी चालवली तर आमच्या सोफ्यापुढची सतरंजी पुढे सरकते. बाबा जाहिराती लागल्या की उठतात, सतरंजी मागे ओढतात आणि परत बसतात. या विषयावर आमच्या घरात कधी चर्चा झालेली नाही.

बाबांना गाडी चालवता येत नाही. ते कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात आणि बाबा मागच्या खोलीत बसून लोकांच्या जेवणाची सोय करतात. लग्न झाल्यापासून ते गाडीत मागे बसत आले आहेत, कारण पुढची सीट म्हणजे आईचं ऑफिस.

तर अठरा पूर्ण झाल्यावर मी वर्षभर आईकडेच गाडी शिकले, लायसन्स मिळालं आणि त्याच महिन्यात शहराबाहेरच्या जनावरांच्या दवाखान्यात शिकाऊ मदतनीस म्हणून माझी निवड झाली. पाचवीत असल्यापासून मला दुसरं काहीही करायचं नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंची अट एकच होती, सकाळी सहाला हजर. पहिली बस तिकडे पोचते साडेसातला.

"एक तारखेला सहाला आलीस तर जागा तुझी," त्या म्हणाल्या. "नाही आलीस तर दुसरी मुलगी थांबलीच आहे. गाई बसची वाट बघत नाहीत."

म्हणजे गाडी हवी होती. आईने ताबडतोब तोडगा काढला.

"स्कूलची गाडी आहे की. मी येईन रोज बाजूला बसून. माझा पहिला विद्यार्थी आठला येतो."

"आणि संध्याकाळी?"

"घ्यायला येईन."

"आई, मी कामाला जाणारे, बालवाडीत नाही."

"बालवाडीत पण मीच सोडत होते. काय बिघडलं तुझं?"

यावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. आमचा अबोला झाला. बाबा दोघींच्या मधून मिठाचं भांडं इकडून तिकडे पोचवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "जुनी का होईना, एक साधी गाडी घेऊ. गाडी कुठली ते तुझी आई ठरवेल, चालवशील तू एकटी." आईने मान्य केलं. तिच्या पसंतीला उतरेल अशी गाडी जगात नाही याची तिला खात्री होती म्हणून तिने मान्य केलं, असं माझं तेव्हाही मत होतं.

पहिली गाडी लाल होती. आईने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "ही उभी असून घाईत दिसते." झालं. मालक सांगत होता की इंजिन लहान आहे, पण आई तोवर रस्त्याला लागली होती. दुसरी गाडी मोठी आणि दणकट, एका केटरिंगवाल्याची. ती त्यानेच चालवून दाखवली. आई बाजूला बसली. त्याने गल्लीचं वळण घेतलं तेव्हा तिने पायाखालचा रबरी मॅट असा दाबला की तो दुमडून वर आला. उतरताना ती म्हणाली, "याचं बोनेट संपता संपत नाही. हिला पुढचं दिसायचं कधी?" केटरिंगवाल्याने मला हळूच विचारलं, "बाईंना कंबरेचा त्रास आहे का?" मी हो म्हटलं. खरं सांगून त्याला समजलं नसतं.

एक तारीख जवळ येत चालली आणि माझा जीव टांगणीला लागला. तेव्हा बाबांनी एक गाडी शोधून आणली. निवृत्त ग्रंथपाल बाईंची. बाबांच्या हातची कवळी वापरणाऱ्यांपैकी एक. गाडी राखाडी, छोटी, बसकी, आणि तिच्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं. आईचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला.

"हिला कुणी ओव्हरटेक करायला सांगितलं तर ही लाजेल," ती म्हणाली. ही तिच्याकडून आलेली सर्वात मोठी स्तुती होती.

ग्रंथपाल बाई फाटकाशी उभ्या होत्या. ताठ, चष्मा साखळीला. "गल्लीच्या टोकापर्यंत जा आणि परत या," त्या म्हणाल्या. "फाटकाशी माझ्या कुंड्या आहेत. त्या मी निवृत्त झाल्या दिवशी लावल्यात." मी म्हटलं, "काळजी करू नका." हे वाक्य मला अजून आठवतं आणि आठवलं की कानशिलं तापतात.

आई बाजूला, बाबा मागे. मी गाडी सुरू केली. क्लच छान होता, स्टिअरिंग हलकं होतं. गल्लीच्या टोकाला वळवताना ब्रेक जरा घट्ट वाटला. स्कूलच्या गाडीचा ब्रेक लोण्यासारखा आहे, पाय ठेवला की आपणहून खाली जातो. मला वाटलं, दुसरी गाडी आहे, असेल थोडा फरक. परत येताना फाटक दिसलं तसा मी नेहमीच्या ठिकाणी, नेहमीसारखा ब्रेक दाबला. गाडी हळू झाली. पण थांबली नाही. अगदी सावकाश, कोणाला काही वाईट वाटू नये इतक्या सावकाश ती पुढे गेली आणि तीन कुंड्या फोडून उभी राहिली.

एक कुंडी घरंगळत गटारापर्यंत गेली, ती आम्ही सगळ्यांनी पाहिली.

"ब्रेक गेलेत," आई म्हणाली. ती दार उघडून उतरलीसुद्धा. "बाई, तुमच्या गाडीचे ब्रेक खराब आहेत. पोरीचा जीव गेला असता!"

"माझ्या गाडीचे ब्रेक खराब नाहीत," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. त्यांनी मला उठवलं, स्वतः बसल्या, गाडी गल्लीच्या टोकाला नेली आणि परत आणून फाटकापासून वीतभर अंतरावर उभी केली. मग पुन्हा नेली आणि पुन्हा तिथेच उभी केली. बाबा अजून मागेच बसलेले होते. दुसऱ्या फेरीनंतर त्यांनी काच खाली केली.

"एक सांगू का," ते म्हणाले. "मगाशी तुम्ही दोघींनी ब्रेक दाबला."

"मग?"

"नेहमी दोघीच दाबता. मी मागून बघतो ना. हिचा पाय हलला की तुझा हलतो. वर्षभर बघतोय. मला वाटलं, शिकवायची पद्धत असेल."

ग्रंथपाल बाईंनी चष्मा पुसला. मी आईकडे बघितलं. आई खिडकीबाहेर बघावं तशी बघत होती, पण ती गाडीबाहेरच उभी असल्यामुळे तिला बघायला काही उरलं नव्हतं.

मला एकेक आठवायला लागलं. माझं थांबणं किती मऊ असतं म्हणून तिचे बाकीचे विद्यार्थी माझ्यावर जळायचे. लोण्यासारखा ब्रेक. आपणहून खाली जाणारं पेडल. लायसन्सच्या परीक्षेत ती बाजूला नव्हती हे खरं, पण त्या मैदानावर गाडी इतकी हळू चालवायची असते की ब्रेकला पाय लागायच्या आधी तीच कंटाळून थांबते. मी आयुष्यात एकदाही एकटीने गाडी थांबवलेली नव्हती. माझा प्रत्येक ब्रेक अर्धा माझा होता.

"तू सगळ्यांच्याच वेळी असं करतेस?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"बाकीच्यांच्या वेळी दहाव्या दिवशी पाय काढून घेते," आई म्हणाली. "तुझ्या वेळी तो दहावा दिवस आलाच नाही."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. एक तारीख तीन दिवसांवर होती आणि मला गाडी थांबवता येत नव्हती, आणि ती थांबवता येऊ नये याची व्यवस्था माझ्या जन्मदात्रीने रोज सकाळी नियमाने केली होती.

"आता स्कूलच्या गाडीनेच जा," ती हळूच म्हणाली. "मी येते रोज. शिकशील हळूहळू."

"नाही शिकणार. तू बाजूला असशील तोवर नाही शिकणार. तू इथेच थांब. मी चालवते."

"एकटी?"

"मी आहे की मागे," बाबा म्हणाले. त्यांना कोणी मोजलं नाही.

आईने ग्रंथपाल बाईंकडे बघितलं. त्यांनी गाडी द्यायला नकार द्यावा अशी तिची फार इच्छा होती. बाईंनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "कुंड्या तशाही संपल्यात," त्या म्हणाल्या.

"मग मी कुंड्यांच्या जागी उभी राहते," आई म्हणाली. "मला लागेल म्हणून तरी पूर्ण दाबशील."

"तुम्ही बाजूला, माझ्या ओट्यावर उभ्या राहणार आहात," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "मला आज कुणाला जबाब द्यायचा नाहीये."

पहिल्या फेरीत मी ब्रेक असा दाबला की बाबांचं कपाळ माझ्या सीटवर आपटलं आणि फाटक अजून बरंच लांब होतं. दुसऱ्या फेरीत त्यांनी दोन्ही हातांनी सीट धरली. "चांगलं आहे," ते म्हणाले, "पण एवढं चावू नकोस. हळूहळू मिटत आण." ते कवळीबद्दल बोलत होते की ब्रेकबद्दल, मी विचारलं नाही, पण उपयोग झाला. तिसऱ्या फेरीत फाटक जवळ आलं. चौथ्या फेरीत मी ओट्याकडे बघितलं, तर आईच्या उजव्या चपलेखालची फरशी फुटेल असा तिने पाय रोवला होता. माझं लक्ष गेलं, पाय चुकला आणि गाडी तिरकी उभी राहिली.

मी काच खाली केली. "आई, तू अजून दाबतेयस."

"माझ्या दाबण्याने इथून काय होणारे?"

"मला होतंय. मला कळतंय ना तुझा पाय खाली आहे ते."

आईने आपल्या पायाकडे बघितलं, विद्यार्थी चुकल्यावर बघते तसं. मग तिने तो उचलला आणि मागे दुमडून हाताने घोटा धरला. "खाली असला की दाबला जातो," ती ग्रंथपाल बाईंना म्हणाली. बाईंनी कोपर पुढे केलं, ते आईने धरलं.

पाचव्या फेरीत मी गाडी फाटकापासून वीतभर अंतरावर उभी केली. पेडल सगळं माझ्याच पायाने खाली गेलं होतं. घट्ट होतं, पण जात होतं. बाबा म्हणाले, "आता बंद झालं तोंड नीट." मी रडत होते आणि हसत होते. आई ओट्यावर अजूनही एका पायावर उभी होती, कारण पाय खाली ठेवायला तिला कोणी सांगितलं नव्हतं.

गाडी आम्ही घेतली. मधले दोन दिवस बाबांना मागे बसवून मी सबंध भाग पालथा घातला आणि दिसेल तिथे थांबले. ग्रंथपाल बाईंना बाबांनी नव्या कुंड्या नेऊन दिल्या. त्यांनी त्या फाटकापासून बऱ्याच आत ठेवल्या.

एक तारखेला सकाळी मी निघाले तेव्हा नुकतं उजाडत होतं. डबा आईने भरला होता. ती गाडीपाशी आली, बाजूच्या सीटचं दार उघडलं, मला वाटलं, बसतेय. तिने डबा सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला आणि दार बंद केलं. "हळू जा" असं म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. ती मागे सरली.

गल्लीच्या टोकाला ट्रक चालला होता. मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. तेव्हा मी आरशात बघितलं. आमच्या दारात बाबा आईचा दंड घट्ट धरून उभे होते, कारण ती डाव्या पायावर उभी होती आणि उजवा तिने दोन्ही हातांनी मागे धरून ठेवला होता. ट्रक गेला. मी वळले.