रूपलेखातली झोप

प्रेमानंद बोरकुटेला त्या दिवशी एकच काम होतं, जागं राहायचं.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं मोठं? सत्तरी ओलांडलेल्या माणसाची तक्रारच मुळी झोप येत नाही अशी असते. खरं आहे. भिलाईतल्या रिसालीच्या घरात प्रेमानंदलाही रात्र रात्र झोप नव्हती. पण रूपलेखा टॉकीजच्या बाल्कनीत बसवा, पडद्यावर नावं येऊ द्या, की हा बाबा गेलाच म्हणून समजा. उभ्या जन्मात त्याने रूपलेखात एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. शेजारी नलू, त्याची बायको, एकटी बसून सिनेमा पाहायची आणि हा घोरत पडायचा.

आणि आता रूपलेखा बंद होत होती. मालकाच्या नातवांनी शेवटच्या आठवड्यात हौसेने जुने सिनेमे लावले होते, आणि शेवटच्या दिवशीच्या दुपारच्या खेळाला जो लावला होता तो नेमका नलू आणि त्याने लग्नानंतर पाहिलेला पहिला सिनेमा. म्हणजे नलूने पाहिलेला. प्रेमानंदने सकाळी पेपरात वाचलं आणि ठरवलं, आज काही झालं तरी हा पुरा पाहायचा. एक तरी. नलूला जाऊन बारा वर्षं झाली होती, पण तिच्या शेजारी जागं न राहिल्याची रुखरुख काही जात नव्हती.

हैदराबादला असलेल्या मितालीला त्याने फोन केला. “बेटा, रूपलेखा बंद होऊन राहिली. आज तुह्या आईचा सिनेमा आहे.”

“बाबा, इतनी गर्मी में कहां जाओगे? मोबाईलवर पाहा ना, मिळून जाईल,” मिताली म्हणाली. “मी मीटिंगमध्ये आहे, नंतर करते.”

मोबाईलवर! तळहाताएवढ्या काचेवर रूपलेखा मावते होय? अहो, भिलाई उभी राहत होती तेव्हाची ती टॉकीज. दुर्गच्या एका शेठने बांधली, लोक हसले, म्हणाले, या माळरानात कोण येणार? आणि अख्खा देश आला हो! तेलुगू, बंगाली, पंजाबी, मल्याळी, आमच्या विदर्भातले बोरकुटे नि बावनकुळे, सगळे स्टील प्लांटच्या नोकरीला आले. रविवारी सकाळी पाळीपाळीने एकेका भाषेचा खेळ लागायचा. मराठीची पाळी असली की सेक्टर दहाच्या बाया गजरे माळून निघायच्या. रुंद जिना, त्याला स्टीलचे चकचकीत कठडे, पायाखाली रंगीत मोझॅक, आणि तो जांभळा मखमली पडदा! तो सावकाश वर जायचा, खालच्या बल्बांची माळ एकेक करून विझायची, आणि हजार माणसं एकदम गप्प व्हायची. आता मॉलमध्ये जा, पॉपकॉर्नच्या भावात तिथे आमचा महिन्याचा किराणा यायचा. जाऊ द्या.

पण रूपलेखाची खरी खुबी बाहेरच्या माणसाला कळायची नाही. दुपारच्या खेळाला निम्मे लोक झोपायला यायचे. रात्रभर सी शिफ्ट करून आलेल्या माणसाने क्वार्टरमध्ये झोपायचं कसं? दोन खोल्या, पोरं, कुकरच्या शिट्ट्या, वरून पत्र्यासारखं तापलेलं छत. त्यापेक्षा रूपलेखात मोठमोठे कूलर होते, अंधार होता. बाल्कनीतल्या मागच्या रांगा म्हणजे प्लांटवाल्यांची शेजघरंच. पडद्यावर हिरो मार खातो आहे आणि इकडे कोक ओव्हन, रोलिंग मिल सगळी खाती मिळून घोरताहेत. डोअरकीपर शामराव खेळ संपताना बॅटरी घेऊन एकेकाला नावानिशी उठवायचा. कोणाची केव्हा ड्यूटी आहे ते त्याला पाठ असायचं.

प्रेमानंद कोक ओव्हनला होता आणि नलू हॉस्पिटलमध्ये नर्स. दोघांच्या शिफ्टा वेगळ्या. ज्या दिवशी दोघांची दुपार मोकळी सापडे त्या दिवशी नलू म्हणे, चला रूपलेखात. प्रेमानंदला वाटायचं, बाईला सिनेमाचा केवढा शौक! जागायची सवय आहे तिला, नर्सबाईच ती. खेळ संपताना नलूचं कोपर बरगडीत बसे. “उठा आता, कुंभकर्णाचे चुलतभाऊ!” डोळे उघडावे तर नलू ताठ बसलेली, केस नीटनेटके, पदर जागच्या जागी. मग स्कूटरवर मागे बसून ती त्याला शेवट सांगे.

तिचे शेवट म्हणजे कमाल असायचे. त्यात कोणी मरत नसे. टीबी झालेली आई बरी होई, हरवलेल्या भावाला सरकारी नोकरी लागे, भांडलेल्या जावा एकत्र पापड लाटत. आजच्या सिनेमाचा शेवट तर तिने इतक्यांदा सांगितला होता की प्रेमानंदला तोंडपाठ होता. पूल बांधणारा हिरो, गावातली मुलगी, आणि मधे नतद्रष्ट ठेकेदार. शेवटी ठेकेदार पुलावरून पडतो, पाय मोडतो, ती मुलगीच त्याला प्लास्टर घालते, त्याला लाज वाटते, आणि तो स्वतः त्यांचं लग्न लावून देतो. प्रेमानंदला ते प्लास्टर डोळ्यांनी पाहायचं होतं.

रिटायर झाल्यावर सगळे सिनेमे जागून पाहू, असं त्याने नलूला कबूल केलं होतं. रिटायरमेंटला वर्ष राहिलं असताना ती गेली. त्यानंतर त्याने रूपलेखाची पायरी चढली नव्हती.

दोन कप कडक चहा पिऊन, खिशात हिरव्या मिरच्या टाकून तो निघाला. मिरची ही सी शिफ्टमधली जुनी विद्या. पहाटे डोळे जड झाले की टोक चावायचं, झोपेचा बाप पळतो. ऑटोवाल्याने सिविक सेंटरच्या अलीकडेच सोडलं आणि उरलेलं अंतर प्रेमानंद उन्हातून चालत गेला.

दारात शामरावच होता. पाठीत वाकलेला, पण हातात बॅटरी तीच. “जा जी, प्रेमभाऊ, बसा,” शामराव म्हणाला. “तुमची जागा रिकामीच आहे. सारीच रिकामी आहे.”

बाल्कनीत इनमीन पाचसात माणसं होती. प्रेमानंद आपल्या जागी बसला आणि शेजारची खुर्ची त्याने उगाच हाताने झटकली. पडदा अर्ध्यावर अडकला, मग कोणीतरी ओढून वर केला. नावं सुरू झाली आणि खरंच सांगतो, त्याच क्षणी त्याच्या पापण्या खाली यायला लागल्या. बारा वर्षं जी झोप घरात हाका मारून येत नव्हती ती इथे दबा धरून बसली होती. त्याने मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं, पण माणूस जागा राहिला.

मध्यंतरानंतर तो उठून भिंतीशी उभा राहिला. कान पिळले, मांडीला चिमटे काढले. समोर हिरॉइन गाणं म्हणत होती आणि हा आपला प्लास्टरची वाट पाहत उभा. पूल आला. ठेकेदार आला. प्रेमानंद पुढे सरकून कठड्याला धरून राहिला, पड रे बाबा आता, पड!

ठेकेदार पडला नाही. त्याने बंदूक काढली आणि हिरोला गोळी घातली. हिरो नदीत गेला, आणि ती पोरगी पुलावरून एकटीच चालत राहिली, लांब, आणखी लांब, आणि दिवे लागले.

प्रेमानंद तसाच उभा. बाकीचे लोक निघून गेले. शामराव बॅटरी हलवत आला. “आज तं जागेच राहिले, भाऊ! सूर्य कोणीकडून उगवला?”

“शामराव, सिनेमा कापला का तुमी?”

“कावून कापू जी? पुरा दाखवला.”

“प्लास्टर कुठं गेलं मंग? ठेकेदाराच्या पायाले प्लास्टर घालते ना ते पोरगी. नलूनं सांगितलं मले, शंभर डाव सांगितलं!”

शामराव आधी हसला, मग त्याच्या तोंडाकडे पाहून थांबला. “वहिनीनं? त्यायनं कुठून पाहिला शेवट? त्या तं तुमच्याआधी झोपत.”

“काहीच्या काही बोलू नका!” प्रेमानंद चांगलाच तापला. “ती पाहत राह्यची. मी झोपत होतो.”

“तुमी तं झोपून राह्यचे, तुमाले कसं दिसंन? दोघायचे डोस्के एकमेकाले टेकून राह्यत. खेळ संपाच्या आधी मी येऊन त्यायले उठवत होतो, त्यायनंच सांगून ठेवलं होतं. मंग त्या केस सारखे करत, डोळे पुसत, अन् तुमाले कोपर मारत.”

प्रेमानंद खाली बसला. टीबी झालेल्या आया, पापड लाटणाऱ्या जावा, ते प्लास्टर! सगळं त्या बाईने स्कूटरवर बसल्या बसल्या रचलं होतं. वॉर्डात दिवसभर माणसं जाताना पाहायची आणि स्कूटरवर कोणाला मरू द्यायचं नाही. आणि हा वेडा बारा वर्षं स्वतःला खात होता, की तिला आपण एकटीला बसवलं.

“मले कावून नाई सांगितलं तिनं?”

“मी एकदा इचारलं होतं,” शामराव शेजारच्या रांगेत टेकला. “म्हटलं, वहिनी, तिकीट काढून झोपाले येता, घरी झोपा ना. तं म्हणाल्या, शामराव, घरी हे येतात तवा मी निघते, मी येते तवा हे निघतात. गादी गरम राह्यते, माणूस नाई राह्यत. महिन्यातून एखादी रात्र भेटते तं मधात पोरगी. इथंच काय ते आमी दोघं संग झोपतो. यायले सांगू नका म्हणे, कळलं तं म्हणतील, मंग तिकिटाचा खर्च कायले?”

मी म्हटलंच असतं, प्रेमानंदच्या मनात आलं. अगदी हेच म्हटलं असतं, आणि येणं बंद केलं असतं. ते ओळखून होती ती. आणि आज, जेव्हा तिच्या शेजारच्या खुर्चीत एकदा शेवटचं झोपायला मिळत होतं, तेव्हा आपण मिरच्या चावत भिंतीशी उभे राहिलो. जी गोष्ट साधायला आलो ती साधली आणि सगळं हातचं गेलं.

“संध्याकाळी खेळ आहे का?” त्याने विचारलं.

“आता कायचा जी. खुर्च्या आजच काढून राहिले. ट्रक आला आहे.”

खालून खरोखरच माणसांचे आवाज येत होते, लोखंड आपटत होतं. प्रेमानंद उठला नाही. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि विचारायची लाज वाटत होती. संसार केला, पोरगी मोठी केली, घर बांधलं, आणि ही एवढी साधी गोष्ट दुसऱ्या माणसाला विचारायची.

“शामराव,” तो म्हणाला, “ती घोरत होती का?”

शामरावने बॅटरी मांडीवर ठेवली आणि नीट आठवून पाहिलं.

“हाव,” तो म्हणाला. “थोडं थोडं. मांजरीवानी.”

प्रेमानंदने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. तेवढ्यात खुर्च्यांचे नट खोलायचे पाने घेतलेली दोन माणसं जिना चढून बाल्कनीच्या दारात आली. शामरावने त्यांना हाताने थांबवलं आणि खालच्या रांगांपासून सुरू करायला सांगितलं.