बाळंतिणीचे तूप

परतवाड्याहून डोंगरात सर्व्हिस मोटार नव्यानेच येऊ लागली होती, त्या सालची ही गोष्ट. धामणखेड्याच्या मंगळवारच्या बाजारात आसपासच्या गावांतल्या गवळणी तुपाची गाडगी घेऊन उतरत, आणि खुशालरावांनी ते तूप हाताच्या पाठीवर चोळून हुंगल्याशिवाय कोणी घेत नसे. म्हशी कुठल्या रानात चरल्या, कढवताना तळाला किती लागले, सारे ते वासावरून सांगत. त्यांनी पसंत केलेले पहिले गाडगे गावातल्या बाळंतिणीकडे जायचे, असा तिथला रिवाज होता.

त्या मंगळवारी बाळंतीण त्यांच्याच घरी होती. लेक शकुन, पाच दिवसांची ओली. मैनाबाई गवळणीचे रवाळ तूप त्यांनी हातावर चोळले, नाकाशी नेले आणि हात झटकन दूर केला. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशीला येतो तसा वास होता तो. शिळ्या तेलाचा, घामाचा, केसांच्या मुळांचा.

"याले कायचा वास येते, मैनाबाई?"

"कायचा? मले तं काईच नाई येत." तिने गाडगे शेजारच्या केशवराव किराणेवाल्यासमोर धरले. त्याने बोट बुडवून चाटलेच.

"अमृत हाय! खुशालभाऊ, नाक बुढं झालं तुमचं. तपकीर सोडा आता."

भोवतीची माणसे खो खो हसली. तीस वर्षांत त्यांच्या नाकाला कोणी हसले नव्हते. त्यांनी पुन्हा हुंगले, वास होताच. तरी मान हलवून ते "पसंत" म्हणाले, आणि गाडगे घरी गेले.

त्यांच्या बायकोने, सुभद्राबाईंनी, त्यात डिंकाचे लाडू वळले. तो वास पांघरुणांत शिरला, पाण्याच्या माठात उतरला. खुशालराव ओसरीवर नाकाला उपरणे लावून कोरडी भाकर चावत बसत. शकुन मात्र दोनाचे चार लाडू खाऊ लागली, गाल भरून आले, ताटली बोटाने निपटू लागली. पुढच्या मंगळवारी आणखी तीन गावांच्या तुपाला तोच वास होता, आणि त्याच गाडग्यांवर लोकांची झुंबड होती.

"पोरीले ते तूप देऊ नको," ते बायकोला म्हणाले.

"काहून? बाळंतीण सुधरून राह्यली, अन् तुमाले शिसारी येऊन राह्यली?"

ते बाळाला घ्यायला वाकले. टाळूवरच्या मऊ खळग्यातून तोच वास वर आला. बाळाला तसेच ठेवून ते मोरीपाशी धावले आणि पोटातले सारे ओकून टाकले. मग भर दुपारी त्यांनी उरलेले गाडगे मागच्या उकिरड्यावर नेऊन फोडले. त्या दुपारी त्यांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

सकाळी ते मागच्या दाराने बाहेर आले. शकुन उकिरड्यावर उकिडवी बसली होती. कानांना फडके नीट बांधलेले, मांडीवर बाळ. खापऱ्यांवरचे, शेणात कालवलेले तूप ती बोटाने निगुतीने निपटत होती आणि ते बोट बाळाच्या तोंडात देत होती. बाळ डोळे मिटून चोखत होते.

"शकुन," ते कसेबसे म्हणाले.

तिने वर पाहिले. ती दचकली नाही.

"या ना, बाबा," ती म्हणाली, आणि जराशी सरकून तिने त्यांच्यासाठी शेजारी जागा केली.