सड्यावरचा रस्ता

२०२२ सालच्या माघात, मोहोराने लहडलेल्या काजूच्या बुंध्यावर हौसाने पहिला घाव घातला आणि कुऱ्हाड वाडीचे गावकर, म्हणजे प्रमुख, भिकाजी यांच्या हाती दिली. झाड ज्याचं, पहिला घाव त्याचा, ही वाडीची रीत.

"तोडा आता," ती म्हणाली.

"हौसावयनी, अजून इचार कर. बिया धरून होऊ दे, मग तोडू."

"साहेब शिमगा झाल्यावर येणार ना? मग रस्ता कधी करणार, पावसात?"

भिकाजींनी कुऱ्हाड उगारली. एका रांगेतली सहाही झाडं दुपारपर्यंत आडवी झाली.

मंडणगडपासून बऱ्याच आत असलेल्या या वाडीच्या डोक्यावर, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, सरकारी टीव्हीचं प्रक्षेपण केंद्र होतं. ते बांधताना हौसाने काँक्रीटसाठी डोक्यावरून पाणी वाहिलं होतं. तेव्हा धाकटा सागर पोटात होता. पुढे तोच तिथे कंत्राटी माणूस म्हणून लागला. सकाळी यंत्र चालू करायचं, रात्री बंद करायचं आणि घरी जेवायला यायचं. हौसाचा नवरा केरू जन्मभर मुंबईत राहिला. वर्षातून वीस दिवस घरी यायचा, आणि मेला तोही तिकडेच. थोरला अनिलही त्याच वाटेने गेला. घरात पुरुषमाणसाचा खोकला रोज ऐकू येणं काय असतं, ते हौसाला सागरमुळे कळलं.

दिवाळीनंतर पेपरात बातमी आली, की जुनी केंद्रं डिजिटल करायला सरकारने पैसे मंजूर केले. मग रत्नागिरीहून विनीत साहेब आले. त्यांनी टेप लावून पायवाट मोजली आणि जाताना म्हणाले, "ट्रक वरपर्यंत आला पाहिजे." कशाला, ते कोणी विचारलं नाही. नवीन यंत्र काय डोक्यावरून न्यायचं? गावकी बसली, रस्त्याच्या कामाला घरटी एक माणूस ठरला. एक तरणा कुत्सितपणे म्हणाला, "तात्या, तुमच्याच घरावर डिशची छत्री हाय. केंद्राचं बघतो कोण?" भिकाजी म्हणाले, "बघत नसलो म्हणून काय झालं? देवळात तरी रोज कुठे जातो आपण?" सगळे हसले. रस्ता हौसाच्या काजूंतून जात होता. ती आपण होऊन उठली आणि "घ्या" म्हणाली.

झाडं पडली त्या संध्याकाळी सागर जेवायला बसला.

"आये, कशाला दिलीस झाडं?"

"तुझं यंत्र यायला नको?"

"यंत्र येतंय असं साहेब म्हणाले नाय."

"मग ट्रक कशाला पायजे त्यांना? हवा खायला?"

सागरने भाकरी मोडली, तुकडा कालवणात बुडवला आणि तसाच ताटात ठेवला.

शिमगा झाला. ट्रक येणार त्या सकाळी अख्खी वाडी सड्यावर जमली. भिकाजींच्या हातात झेंडूचा हार होता, हौसाच्या हातात नारळ. ट्रक गुरगुरत चढला. नव्या रस्त्यावर तो कुठे अडला नाही. वर येऊन वळला, तेव्हा मागचा हौदा सगळ्यांना दिसला. आत दोर होते, चार फळ्या होत्या, बाकी काही नव्हतं.

विनीत साहेब उतरले. हार बघून ते संकोचले.

"अहो, निरोपाला एवढं कशाला," असं म्हणत त्यांनी मान वाकवली.  भिकाजींनी हार घातला.

हौसा पुढे झाली. "साहेब, नवीन मागून येतंय?"

"नवीन? नाही हो, आजी. ते पैसे मोठ्या शहरांसाठी आहेत. इथलं बंद. आम्ही सामान न्यायला आलोय."

 बायका एकेक करून खाली उतरायला लागल्या. यंत्राची कपाटं माणसांनी बाहेर काढली. सागरने ती स्वतः दोरांनी आवळून बांधली आणि आतून आपली बॅग आणून ट्रकच्या केबिनमध्ये ठेवली.

"सामान उतरवून देऊन येतोस ना?" हौसाने विचारलं.

"अनिलदादाने कामाला जागा बघितल्याय. भांडुपला."

"आता शिमग्याला आला तेव्हा?"

सागर दोराची गाठ चाचपत राहिला. "नाय. दिवाळीत."

हौसाने मनाशी महिने लावून बघितले. दिवाळी आधी, पेपरातली बातमी त्यानंतरची. मग तिने नारळ त्याच्या हातात दिला. "वाटेत वाढव," ती म्हणाली.

विनीत साहेबांची पुढे बदली झाली. भिकाजींनी त्याच वर्षी गावकरपण सोडलं आणि पावसाळ्यानंतर ते वारले. केंद्राच्या खोलीत आता पावसात गुरं उभी राहतात. सागर भांडुपला एका इमारतीत लिफ्ट सांभाळतो. गणपतीला येतो, तो थेट सड्यापर्यंत गाडीने, आणि पाचव्या दिवशी जातो.

हौसा वाडीतच आहे. धाकटा का गेला म्हणून कोणी विचारलं, तर ती सांगते, सरकारने पैसे दिले नाहीत, म्हणून गेला. नाहीतर तो जाणारा नव्हता.