मागे पडणारी अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. ज्या कारखान्यात माझी जुळणी झाली, तिथलं मला काही आठवत नाही. पहिलं आठवतं ते शिलाई मशीनशेजारचं टेबल आणि माझ्या मालकिणीची घाईची बोटं. ती चित्रफितींखाली अक्षरं जोडायची. काळ्या पडद्यावर ती आज्ञेची एक ओळ लिही आणि मी चित्र, आवाज, अक्षरं एकत्र करी. चार वर्षं माझं फार कौतुक झालं. मग घरात चपटा, नवा संगणक आला आणि माझ्या डोक्यावर कपड्यांच्या घड्या साठू लागल्या.

एके दिवशी तिनं त्या घड्या उचलल्या. तिच्या वडिलांची एकमेव चित्रफीत माझ्याच पोटात होती आणि अक्षरं जोडायचा प्रोग्रॅमही. ते तंत्रशाळेत पंप दुरुस्ती शिकवायचे. चाळीस मिनिटांचा तो त्यांचा शेवटचा तास. आईला ऐकू येत नव्हतं, म्हणून तिनं तो कधी पाहिलाच नव्हता. आता आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. नजर राहील याची खात्री डॉक्टरांनी दिली नव्हती. महिनाभर खपून मालकिणीनं वडिलांचा शब्द न् शब्द टाइप केला. मग दवाखान्यात भरती होण्याचा दिवस आला. निघायचं होतं संध्याकाळी पाच वाजता.

त्याच दिवशी सकाळी नऊला मी कामाला लागलो. पंखा घरघरत होता, अंग तापलं होतं. तासाभरानं फीत तयार झाली. सुरुवात झकास जमली. पुढे मात्र वडील पंप उघडून हसायचे आणि खालची अक्षरं मागाहून यायची. शेवटी तर ते बोलत असतानाच फीत संपली. अखेरची वाक्यं उमटलीच नाहीत.

मालकिणीनं अक्षरं दहा सेकंद अलीकडे ओढली. पुन्हा तासभर. आता सुरुवात बिघडली, शेवट होता तसाच. मग वीस सेकंद. ती खोलीत येरझारा घालू लागली. एकदा तिनं माझ्या पाठीवर थापही मारली. मित्रांनो, मला बोलता येत नाही. मला जे सांगितलं, तेच मी करत होतो.

दीड वाजता आई येऊन बसली. ती जन्मभर शिवणकाम करत आलेली. तिनं सकाळची पहिली फीत मधूनमधून पाहिली आणि म्हणाली, "ते 'हं, बघा' म्हणाले की बोट आपटतात. सुरुवातीला अक्षरं बरोबर त्याच वेळी येतात. मग जरा मागे, मग आणखी मागे. अगं, कापड कशाला ओढतेस? तुझी मापाची टेपच चुकली असेल."

मुलगी थबकली. चित्रफीत म्हणजे भराभर सरकणारी स्थिर चित्रं. एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. तिच्या फायलीत प्रत्येक वाक्यापुढे वेळ नव्हती, फ्रेमचा क्रमांक होता. वडिलांच्या फितीत सेकंदाला पंचवीस फ्रेम होत्या. मला कुणी ते सांगितलं नव्हतं, म्हणून अक्षरांसाठी मी जवळजवळ चोवीस धरत होतो आणि दर सेकंदाला अक्षरं थोडी थोडी मागे पडत होती. तिनं आज्ञेच्या शेवटी पंचवीसचा आकडा लिहिला. काहीच बदललं नाही. या वेळी ती चिडली नाही. त्या प्रोग्रॅमचं माहितीपत्रक ओळीनं वाचलं, तेव्हा कळलं की तो आकडा अक्षरांच्या फायलीच्या नावाआधी हवा. तिनं आधी फक्त शेवटची दोन मिनिटं तयार करून पाहिली. जमली. मग पूर्ण फीत.

चार वाजायला आले तेव्हा आई पडद्याच्या अगदी जवळ सरकून बसली. चाळीस मिनिटं ती हलली नाही. अखेरीस एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं की सर, इतकं सावकाश समजावून सांगायला कुठे शिकलात? वडील हसले आणि त्याच क्षणी त्यांच्याखाली अक्षरं उमटली: "बायकोकडून. तिला ऐकू येत नाही. माझे ओठ तिला वाचता यावेत म्हणून सावकाश बोलायला शिकलो. नाहीतर मी फार उतावळा माणूस."

आईनं डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "थापा. शेवटपर्यंत उतावळेच होते."

मुलीनं तिच्याकडे तोंड वळवलं आणि एकेक शब्द सुटा करत विचारलं, "पुन्हा लावू?"

पाच वाजून गेले तरी त्या दोघी माझ्यासमोरच होत्या.

ऑपरेशननंतर आईचा एक डोळा वाचला. मीही अजून आहे. मित्रांनो, आमच्यासारख्यांच्या पाठीत धपाटे घालू नका. आमच्या पोटात कुणाचं काय आहे ते अधूनमधून उघडून बघा, त्याची एक प्रत वेळेवर काढून ठेवा. माझा पंखा आता फार दिवस फिरेल असं वाटत नाही.