हाताची घडी, तोंडावर बोट

माझं मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून आमच्या घरात मला स्वतःच्या पायावर उभं राहायची बंदी आहे. तशी ती कुणी घातलेली नाही. पण मी उठायला खुर्चीच्या दांड्यावर हात टेकायचा अवकाश, की मुलगा काखेत हात घालतो, सूनबाई पाठ धरते, आमचे हे 'हळू, हळू' करत मध्येच लुडबुडतात आणि नात कंबरेला लोंबकळते. मायेनं करतात, कळतं मला. पण इतकी माया अंगावर आली की माणूस गुदमरतो.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी मला पलंगावरून खुर्चीत एकटीनं सरकायला शिकवलं होतं. आम्ही दार लावून सराव करायचो. घरातल्या कुणी ते कधी पाहिलं नाही, कारण पाहायला कुणी असलं की करूच देत नसत.

यंदा आमच्या भिंगरीची, म्हणजे नातीची, उंची एकदाची त्या मनोरंजन पार्कातल्या पट्टीला लागली. पट्टीला लागलं की डोंगरगाडीत, म्हणजे त्या रुळांवरून वरखाली पळणाऱ्या रोलरकोस्टरमध्ये, बसता येतं, मात्र शेजारी घरचं मोठं माणूस हवं. मुलाला साध्या झोपाळ्यावर मळमळतं. सूनबाई लिफ्टमध्ये डोळे मिटून घेते. ह्यांना बल्ब बदलायला स्टुलावर चढलं तरी गरगरतं. उरले मी. डॉक्टरांना विचारलं, तर उलटं टांगणारं काही नको, बाकी खुशाल बसा म्हणाले. मी भिंगरीला शब्द देऊन टाकला.

पार्काच्या दाराशी आमच्या नावानं चाकांच्या खुर्च्या उभ्या होत्या, एक नाही, तीन. मुलानं एक सांगून ठेवली होती, सुनेनं एक आणि ह्यांनी गुपचूप एक. आमच्याकडे कुणी दुसऱ्यावर विसंबत नाही आणि आपण केलेलं सांगतही नाही. एकीत मी बसले. दुसरीत 'आता आलीच आहे तर' म्हणून हे बसले, ते दिवसभर उठले नाहीत. तिसरीत डबे ठेवले.

डोंगरगाडीच्या रांगेशी पिवळ्या टोपीतली एक मुलगी होती. तिनं नीट समजावून सांगितलं. गाडी मध्येच थांबली तर बसणाऱ्याला स्वतः बाहेर पडता आलं पाहिजे, म्हणून खुर्चीतून गाडीत ज्याचं त्यानंच सरकायचं. पार्कातल्या माणसांनी हात लावायचा नाही, घरच्यांनीही नाही. आधी इथे नमुन्याच्या सीटवर करून दाखवा, म्हणाली.

मला मनातून हसूच आलं. हे तर माझं रोजचं. मी खुर्चीचा ब्रेक लावला, पाय खाली घेतले, समोरचा दांडा धरला, आणि उठायच्या आतच उचलली गेले. पोत्यासारखी सीटवर आदळले. काखेत मुलगा, पाठीशी सून, आणि कंबरेला खुद्द भिंगरी. हे खुर्चीतूनच 'हळू, हळू' म्हणत होते.

"असं नाही चालणार, आजी," टोपीवाली म्हणाली. तिलाच वाईट वाटत होतं.

भिंगरीनं माझी कंबर सोडली. राहू दे, आपण लहान मुलांच्या पाळण्यात बसू, म्हणाली. इतक्या शहाण्यासारखं म्हणाली की माझं डोकंच फिरलं. मी टोपीवालीकडे आणखी एक संधी मागितली. तिनं होकारार्थी मान हलवली.

जन्मभर बालवाडी चालवलेली बाई आहे मी. आवाज अजून शाबूत आहे.

"सगळ्यांनी रांगेत उभं राहा. हाताची घडी, तोंडावर बोट."

मुलगा उभा राहिला. सूनबाई उभी राहिली. भिंगरीनं तर डोळेही मिटले. ह्यांनी बसल्या बसल्या घडी घातली. मागच्या रांगेतल्या दोन अनोळखी बाप्यांनीही तोंडावर बोट ठेवलं, बहुधा सवयीनं.

मी पुन्हा खुर्चीत आले, एकटी. मग दांडा धरून उठले. डावा पाय जरा सरकला. मुलाच्या हाताची घडी सुटायला लागली. मी नुसतं बघितलं, घडी परत बसली. पाय रोवला, वळले, टेकले. टोपीवालीनं गाडीकडे जायच्या वाटेवरची साखळी काढली.

गाडीत भिंगरी ओरडली. मी तिच्याहून मोठ्यानं ओरडले. उतारावर गाडी सुसाट सुटली आणि मला वर्षभरात पहिल्यांदा आपण आजारी आहोत हे आठवेना. इतका आनंद झाला की उतरल्यावर मी रडले, आणि कुणाला रडू नका म्हणू दिलं नाही.

संध्याकाळी घरापाशी मुलानं गाडीचं दार उघडलं. सवयीनं हात पुढे आला, मग त्याला आठवलं. मिशा पिकायला लागलेला माझा मुलगा हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून दारात उभा राहिला.

पायात आता खरंच त्राण नव्हतं.

"धर रे आता," मी म्हटलं.

"नक्की ना, बाई?"

"नक्की."

त्यानं उचललं नाही. नुसता हात पुढे केला आणि मी तो धरेपर्यंत थांबला.