वडापासनं सरळ

गुंजवण्याजवळच्या आमच्या वाडीत भाताची लावणी सावडीनं होते. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या माझ्या. कुणाचा दिवस कधी, ती यादी गेनबातात्या तोंडपाठ सांगतात आणि दरवर्षी ती त्यांच्याच शेतापासून सुरू होते. माझी आई ठकुबाई कायम शेवटची. तोवर आमची रोपं पिवळी पडलेली असतात. मला याचा भयंकर राग. म्हणून पायथॉन शिकायला लागल्यावर पहिला प्रोग्राम मी तोच लिहिला: गेल्या वर्षीची यादी उलटी, म्हणजे जो शेवटी, तो यंदा पहिला.

घरच्या लॅपटॉपवर झक्कास चालला. प्रोग्राम आणि नावांची फाइल पेनड्राइव्हवर शेजारी-शेजारी टाकून मी ऐटीत शाळेत भरलेल्या लावणीच्या बैठकीला गेले. सगळ्यांना प्रोजेक्टरनं भिंतीवर दिसावं म्हणून शाळेच्या कॉम्प्युटरवर चालवला, तर लाल अक्षरांत उत्तर आलं, फाइल सापडत नाही.

"काय गं रत्ना, यादी वाटंत सांडली का?" तात्या म्हणाले. "ऱ्हाऊ दे. म्या सांगतो. पयलं माझं..."

आईनं मान खाली घातली. मला तो कॉम्प्युटर उचलून आपटावासा वाटला.

तेवढ्यात तात्यांचा मोबाईल वाजला. तो नेहमी स्पीकरवरच असतो. खताचा टेम्पो घेऊन पहिल्यांदाच येणारा शिवऱ्याचा सोमनाथ वाट चुकला होता.

"आरं, वडापासनं सरळ ये!" तात्या ओरडले.

"वड कुठं हाय, तात्या? हितं फुडं नुसतं पाणीच हाय!"

सगळी बैठक हसली. तो वड धरणाच्या पाण्याखाली जाऊन कैक वर्षं झाली, पण आमची म्हातारी माणसं अजून तिथूनच वाट सांगतात. मी फोन ओढून घेतला. "दादा, तुमी आत्ता कुठं उभे हायसा? तिथनं सांगते."

आणि बोलता बोलता माझीच ट्यूब पेटली. प्रोग्रामात मी फाइलचा पत्ता माझ्या लॅपटॉपच्या सी ड्राइव्हपासून लिहिला होता. शाळेच्या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स; तिथं कुठला सी ड्राइव्ह आणि कुठला माझा डेस्कटॉप! मीही वडापासूनच वाट सांगत होते की. ती ओळ खोडली. प्रोग्रामला सांगितलं, तू स्वतः ज्या फोल्डरात आहेस तो बघ आणि तिथलीच नावांची फाइल उघड.

यादी आली. सगळ्यांत वर ठकुबाई, सगळ्यांत खाली गेनबा.

मी तोऱ्यात वळले. तात्या अजून भिंतीकडेच बघत होते.

"वड व्हता तवा," ते हळूच म्हणाले, "वाडीतनं वडाच्या वाटंनं निघालं की पयलं माझंच शेत लागायचं. तिथनंच मोजत आलो बग."

मला एकदम कसंतरी झालं. इतकी वर्षं मी त्यांना लबाड म्हणत होते.

"भावजी," आई म्हणाली, "मंगळवारी या. आता आमच्यापासनं मोजू."

मंगळवारी आमच्या खाचरात सगळ्यांच्या आधी तात्याच उतरले.